स्वेटर घालून खाल्लेला गार भात

मुलाच्या गाडीचं मागचं दार आतून उघडत नाही. नातीसाठी तशी सोय केलेली आहे. पोरीने भर हायवेवर कडी ओढली तरी दार ढिम्म हलत नाही. नातीची खुर्ची मागे, म्हणून तिच्याशेजारी मी मागे, आणि म्हणून अख्खा हिवाळा मलाही ते दार उघडता आलं नाही. गाडी थांबली की मुलगा आणि सून आपापल्या बाजूने उतरायचे, फोन, पिशव्या, पाण्याच्या बाटल्या गोळा करायचे, आणि मग कुणाला तरी आठवायचं की आई आत राहिली. तोवर मी आणि नात काचेतून बाहेर बघत बसायचो. ती तीन वर्षांची, मी सदुसष्ट. तिला त्यात वावगं काही वाटत नसे.

एप्रिलच्या सुरुवातीला एका शनिवारी आम्ही समुद्रकाठच्या एका थाई हॉटेलात जेवायला गेलो, तेव्हाही मी अशीच आत बसून होते. बाहेर पाऊस भुरभुरत होता, समुद्र आणि आभाळ दोन्ही राखाडी, आणि मुलगा फोनवर पार्किंगचं काहीतरी भरत उभा होता. मला कोंडल्यासारखं झालं. ते त्या दाराचं नव्हतं, हे मला कळत होतं. आठवडाभर तसंच होत होतं, आणि त्याला कारण माझंच एक वाक्य होतं.

मी ऑक्टोबरात ठाण्याहून अमेरिकेत रेडमंडला गेले ती एप्रिलच्या मध्यावर परत यायचं या बोलीवर. तिकीटही तसंच काढलेलं होतं. पण जानेवारीत नातीचं पाळणाघर बंद पडलं. चालवणाऱ्या बाईंनी गाशा गुंडाळला, दुसरीकडे नंबर लागेना, आणि नेमकं त्याच सुमाराला सुनेच्या ऑफिसने फर्मान काढलं की आता पाचही दिवस हजर राहायचं. मग पाळणाघर मीच झाले. त्याबद्दल तक्रार नाही. नात गोड आहे. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं उत्तम चालतं. पण सकाळी दोघं गेली की संध्याकाळपर्यंत त्या घरात आवाज म्हणजे फ्रिजचा आणि कार्टूनचा. पावसात पोरीला घेऊन बाहेर पडायचं तर बूट, रेनकोट, टोपी चढवायची, आणि सगळं चढवून झालं की तिला शी लागायची. बाहेर पडलं तरी जायचं कुठे? एकासारखी एक घरं. माणूस दिसलाच तर कुत्र्याला फिरवणारा, तो हसून हाय म्हणायचा आणि पुढे जायचा. ठाण्यात मी जिना उतरून कोपऱ्यावरच्या वाण्याकडे निघाले तर पोचायला अर्धा तास लागतो, इतक्या जणी अडवतात.

मार्चच्या अखेरीला एका संध्याकाळी डिशवॉशरमध्ये भांडी लावता लावता मुलाने विचारलं, "आई, तुझा स्टे एक्स्टेंड करायचा का? अजून काही महिने. अप्लाय करता येतं. तुला ओके आहे ना?"

मी म्हटलं, "माझं काय रे, तुमची सोय बघा."

"साउंड्स गुड," तो म्हणाला आणि त्याने डिशवॉशर सुरू केला.

आता मराठी घरात वाढलेल्या कुणालाही हे वाक्य ठाऊक असतं. यावर समोरच्याने म्हणायचं असतं, नाही नाही, तुला काय वाटतं ते सांग. मग आपण म्हणायचं, मला कसलं आलंय वाटायला. मग त्याने पुन्हा विचारायचं. तिसऱ्या फेरीला कुठे खरं काय ते बाहेर येतं. माझ्या सासरी पाहुण्याला चहा हवा की नको एवढं कळायलाच इतका वेळ लागायचा. हा मुलगा माझ्याच स्वयंपाकघरात वाढला, पण इतकी वर्षं तिकडे राहून त्याच्या कानाची सवय गेली. तिकडे हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही, आणि चालेल म्हणजे पुढचा विषय. मी ओट्याशी उभी राहून वाट बघितली की हा परत विचारेल. तो सोफ्यावर जाऊन मॅच बघत बसला.

त्याच्या मागे जाऊन 'ऐक, मला खरं तर जायचंय' म्हणायला माझी जीभ रेटेना. का जायचंय, असं त्याने विचारलं असतं तर काय सांगणार होते? हळदीकुंकू आहे म्हणून?

पण खरं कारण तेच होतं.

माझे यजमान गेले त्याच्या पुढच्या चैत्रात आमच्या बिल्डिंगमधल्या एका बाईंनी मला जिन्यात गाठून सांगितलं होतं, "तुम्ही डाळ-पन्हं घ्यायला या हं, सगळ्या जणी गेल्या की." मी गेले नाही. घरी येऊन एकटीच तणतणले, कैऱ्या किसल्या, आणि माझ्याच घरी चैत्रगौर मांडली. जिला जिला कुणी बोलवत नाही तिला तिला बोलावलं. पहिल्या वर्षी तिघीच होतो, आणि तिघींनी एकमेकींना कुंकू लावलं. आता घर भरतं. नवरा गेलेल्या येतात, नवऱ्याला सोडलेल्या येतात, लग्नच न केलेल्या येतात. कळव्याहून माझ्या विहीणबाई येतात, म्हणजे सुनेची आई. अक्षय्यतृतीयेच्या आतला एक रविवार आम्ही धरतो. वर्षभर कपाळ रिकामं ठेवणाऱ्या बायका त्या दिवशी ठसठशीत कुंकू लावून घेतात आणि उगाच माझ्या कपाटाच्या आरशापुढून जा-ये करतात.

मी नसले तर ते होणार नव्हतं. दुसऱ्या कुणी करावं तर प्रत्येकीच्या घरात नाक मुरडणारं कुणी ना कुणी आहेच. माझ्या घरी मी एकटी, तेव्हा मुरडायला नाकच नाही. पण एकीकडे नात आणि सुनेची नोकरी, आणि दुसरीकडे माझी वाटली डाळ, असं मांडायची मला लाज वाटत होती. म्हणून मी तोंडातून ब्र काढला नाही. मुलाने फोनवर आत्याला, मामाला, सगळ्यांना सांगून टाकलं की आई राहतेय. तो इतका खूश होता की मला त्याचा रागही येत होता आणि दयाही.

त्या शनिवारचं जेवण म्हणजे माझे आभार मानायचा कार्यक्रम होता. आभार कशाचे, तर राहायला कबूल झाले त्याचे.

हॉटेल लाकडी होतं, अर्धं जमिनीवर आणि अर्धं पाण्यात रोवलेल्या खांबांवर. आम्हाला अगदी खिडकीची जागा मिळाली. मला सगळ्यात आतली, समुद्र नीट दिसावा म्हणून. एका बाजूला काच, दुसऱ्या बाजूला नातीची उंच खुर्ची, पुढ्यात टेबल. मला उठायचं झालं तर सगळं बिऱ्हाड उठवावं लागलं असतं. काचेखाली लाटा खांबांवर आपटत होत्या आणि जमीन जरा हलल्यासारखी वाटत होती.

वाढणारी मुलगी ऑर्डर घ्यायला आली तेव्हा मी सवयीने म्हटलं, "मला वेगळं काही नको, तुमच्यातलंच दोन घास घेईन."

"आई, तुमच्यासाठी शोधून ठेवलंय मी," सून म्हणाली. "खाओ चॅ म्हणून असतं. फक्त एप्रिलमध्ये करतात, त्यांच्या न्यू इयरच्या वेळी. गार भात, सुगंधी पाण्यातला. म्हणून तर एवढं ड्राइव्ह करून आलो. मीही तेच घेणारे."

"दहीभात समज," मुलगा म्हणाला.

"त्यात दही नाहीये," सून म्हणाली.

माझी ही सून कमी बोलते. लग्नानंतर सुरुवातीला मला वाटायचं की शिष्ट आहे. नंतर लक्षात आलं की ती दमलेली असते.

काचेचे वाडगे आले. स्वच्छ पाणी, त्यात मोकळा पांढराशुभ्र भात, वर बर्फाचे खडे आणि मोगऱ्याची दोन-दोन फुलं. मी वाकून वास घेतला. चैत्र लागला की मी घरी माठात वाळ्याची जुडी सोडते आणि वर मोगऱ्याची फुलं टाकते. तो माझ्या माठाचा वास होता. त्यात आणखी एक वास होता, देवापुढची समई शांत केल्यावर येतो तसला. सुनेने फोनवर वाचून सांगितलं की सुवासिक मेणबत्ती विझवून तिचा धूर झाकणाखाली पाण्यावर कोंडून ठेवतात. थायलंडात उन्हाने काहिली होते तेव्हा हे खातात म्हणे. आम्ही स्वेटर घालून बसलो होतो, आणि नातीचं नाक गळत होतं.

भाताबरोबर लहान लहान वाट्या होत्या. एकीत कोलंबीच्या वाटणाच्या तळलेल्या गोळ्या, एकीत अंड्याच्या जाळीत गुंडाळलेली भरली मिरची, एकीत गोड मुरवलेला मुळा, एकीत गोडसर सुकं मटण की काय होतं, ते मी बाजूला सारलं. एका बशीत काकडी आणि कोवळ्या कैरीच्या पातळ फोडी. एक गोळी तोंडात टाकली, तर सोडे, सुकवलेली कोलंबी. अगदी आमचे सोडे, आमच्या घरच्या बरणीतले. मी खूश झाले आणि हाताला जे माहीत होतं ते हाताने केलं. गोळ्या भातात टाकल्या, मुळा टाकला, मिरची कुस्करली आणि पाची बोटांनी छान कालवलं.

वाढणारी मुलगी लगबगीने आली. पाणी तोवर गढूळ झालं होतं, वर तेलाचा तवंग आला होता. ती हळूच काहीतरी म्हणाली. सुनेने सांगितलं, "आई, हे कालवत नाहीत. आधी वाटीतलं थोडं तोंडात घ्यायचं, मग वर चमचाभर भात, पाण्यासकट. पाणी शेवटपर्यंत स्वच्छ राहिलं पाहिजे म्हणे."

मुलगा हसला, पण हसता हसता त्याने शेजारच्या टेबलांकडे बघून घेतलं. सुनेने आपला न उष्टावलेला वाडगा माझ्यापुढे सरकवला आणि माझा कालवलेला स्वतःकडे ओढला.

"अगं, तो कशाला घेतेस? माझा हात लागलाय."

"मला कालवलेलंच आवडतं," ती म्हणाली, आणि अस्तन्या वर करून हातानेच जेवायला लागली.

मग मी रीतीने खाल्लं. कोलंबीची खारट गोळी आधी, ती जिभेवर विरते ना विरते तोवर गार भाताचा चमचा. खारट सगळं धुऊन जातं आणि मागे नुसता मोगरा राहतो. पुढच्या घासाला तोंड पुन्हा कोरं. भाताला स्वतःची अशी चव नव्हती, आणि तीच चव होती. मला फार आवडलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी जेवताना घाई केली नाही. दाताला कळ लागत होती तरी पाणी पिऊन टाकलं, थोडं नातीला चमच्याने दिलं. "स्मेल्स लाइक आज्जी," ती म्हणाली, आणि मला ऊब आली.

शेवटी कैरीची फोड उचलली. आंबट ढाण. घरी या वेळेला कैऱ्या आलेल्या असतील, मी डाळ निवडायला काढली असती, कुणाकडून किती बत्तासे आणायचे याचे फोन चालू असते.

"सो," मुलगा म्हणाला, "आज घरी गेल्यावर अप्लाय करून टाकतो, आणि तिकीट कॅन्सल करतो. फायनल ना, आई?"

"माझं काय," एवढं माझ्या तोंडून गेलंसुद्धा. पुढचं वाक्य ठरलेलं होतं. एका बाजूला काच, एका बाजूला उंच खुर्ची, समोर माझा मुलगा हसऱ्या चेहऱ्याने. मी कैरीची फोड गिळली आणि म्हटलं, "नाही. मला घरी जायचंय."

"पण आई, तू ओके म्हणालीस."

"म्हणाले. तू परत विचारायला हवं होतंस."

"परत म्हणजे? विचारलं ना मी." तो खरोखर गोंधळला होता. माझा मुलगा वाईट नाही, हे मी इथे लिहून ठेवते. "काय आहे एवढं तिकडे?"

"चैत्रगौर."

"यार, आई. एक वर्ष नाही केलंस हळदीकुंकू, तर काय बिघडेल?"

मी किती हट्टी म्हातारी दिसत असेन, असं वाटून कानशिलं तापली. काही नाही रे, बघ तुझं तू, असं म्हणायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात सून बोलली. तिचा हात अजून त्या गढूळ वाडग्यात होता.

"माझी आई कुठे जाईल मग?"

मुलाने तिच्याकडे बघितलं.

"त्या एका दिवशी ती गजरा माळते," सून म्हणाली. "मला फोटो पाठवते. एरवी कितीही सांग, नाही माळत. आपल्याला शोभत नाही म्हणते. तिकीट कॅन्सल करू नकोस."

"आणि डे केअर? तुझं ऑफिस?"

"बघू."

बघू म्हणजे काय, ते तिलाही माहीत नव्हतं. मला कळत होतं की माझ्या जाण्याने सगळ्यात जास्त अडचण हिचीच होणार आहे, आणि मला जा म्हणणारी हीच. तिने आपल्या आईला चार वर्षांत पाहिलं नव्हतं. जायचं म्हटलं तर परत येताना पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का हवा, त्याच्या तारखा मिळत नव्हत्या, आणि तिच्या ऑफिसातली एक मुलगी भावाच्या लग्नाला म्हणून गेली ती भारतातच अडकून पडली होती. नोकरी गेली तर घर, नातीची पुढची शाळा, सगळंच. माझ्या बाजूचं दार कुणीतरी बाहेरून उघडायचा अवकाश होता. तिच्या बाजूला दारच नव्हतं.

जेवण झाल्यावर मुलगा माझ्याशी फार बोलला नाही. रेडमंडला पोचल्यावर गाडी थांबली तशी सून आधी उतरली, वळसा घालून आली आणि फोन-पिशव्यांच्या आधी माझं दार उघडलं. मी तिला काही म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं, पण तेही मला जमत नाही.

ठरल्या दिवशी मी निघाले. नातीला त्यांनी एका बाईंकडे सोडायला सुरुवात केली. ती तिथे रडते, असं मुलाने फोनवर सांगितलं. टोमणा नव्हता तो, पण मला लागायचा तो लागला.

रविवारी माझं घर भरलं. ठाण्यात घामाच्या धारा लागल्या होत्या. गौर मांडली, डाळ वाटली, पन्हं केलं, आणि त्याशिवाय माझी एक नवी हौस. मोकळा भात करून पाण्याने खळखळून धुतला आणि माठातल्या मोगऱ्याच्या पाण्यात घालून गार केला. गौरीपुढे सोडे चालणार नाहीत, म्हणून बरोबर तळलेली सांडगी मिरची, कोथिंबीरवडी आणि कैरीच्या फोडी. सगळ्यांना बजावलं, कालवायचं नाही. सगळ्यांनी मला वेड्यात काढलं आणि मग दोनदा वाढून घेतलं.

विहीणबाई कळव्याहून रिक्षाने आल्या. फिकट जांभळी साडी, केसात गजरा. मी त्यांना कुंकू लावलं, त्यांनी मला. पुढ्यात वाटी आल्याबरोबर त्यांनी मिरची भातात टाकली, इतक्यात त्यांच्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. सून होती. तिकडे पहाट, ती अंधारातच स्वयंपाकघरात उभी होती. तिने आधी आईचा गजरा बघून घेतला. मग म्हणाली, "आई, ते कालवू नकोस."

विहीणबाईंनी निमूटपणे मिरची काढून बशीत ठेवली.

"मी येऊन जाऊ का गं?" सून म्हणाली. "काय व्हायचं ते होईल."

"माझं काय गं," विहीणबाई म्हणाल्या. "तुमची सोय बघा."

हे वाक्य मी कसं ऐकून घेणार? मी त्यांच्या हातातून फोन घेतला. "अगं, खोटं बोलतेय तुझी आई. तू हवी आहेस तिला. परत विचार तिला."

सुनेच्या मागे खिडकीवर पाऊस वाजत होता.

"मला माहितीये, आई," ती म्हणाली. "मी रोज विचारते आणि ती रोज हेच सांगते. एखाद्या दिवशी ती 'ये' म्हणाली, तर मी काय सांगू तिला?"

विहीणबाईंनी माझ्या हातातून फोन काढून घेतला, पदराने काच पुसली आणि आपली वाटी लेकीला दिसेल अशी धरली.

"बघ," त्या म्हणाल्या, "नाही कालवलं. पाणी स्वच्छ आहे."